गाडीची देखभाल, भाग ७ : गिअरबॉक्सला कोणतं ऑइल?

मागच्या आठवड्यात इंजिन ऑइलबद्दल लिहिलं. इंजिन तसं समजूतदार असतं. ग्रेड बरोबर असेल तर ब्रँड बदलला तरी ते फारसं कुरकुरत नाही, आणि मिनरलऐवजी सिंथेटिक घातलं तर बहुतेक वेळा खूशच होतं. या अनुभवामुळे आपल्या मनात एक समज पक्का बसलेला असतो: महाग ऑइल म्हणजे चांगलं ऑइल. गिअरबॉक्सच्या बाबतीत हा समज घातक ठरू शकतो.

फोक्सवॅगनसारख्या कंपनीलाही याची किंमत मोजावी लागली आहे. तिच्या सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजी गिअरबॉक्समध्ये सिंथेटिक ऑइल होतं. उष्ण, दमट हवेच्या देशांत, थांबत-थांबत चालणाऱ्या वाहतुकीत त्या ऑइलमुळे गिअरबॉक्सच्या वीजपुरवठ्यात बिघाड होऊ लागला आणि चालत्या गाडीची ओढच जायची. नोव्हेंबर २०१३ मध्ये कंपनीने जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांमधलं ते ऑइल बदलून देण्याचं जाहीर केलं. बदलून काय घातलं? मिनरल ऑइल. दुकानात जे ‘साधं’ म्हणून खालच्या फळीवर ठेवतात, ते तिथे योग्य ठरलं.

कारण गिअरबॉक्सच्या ऑइलने नुसता गुळगुळीतपणा देऊन भागत नाही. त्याने दातांची झीज थांबवायची, आणि त्याच वेळी काही ठिकाणी नेमकी हवी तेवढी पकड राहू द्यायची. ही पकड किती हवी, हे गिअरबॉक्स बनवणारा ठरवतो आणि त्यासाठी एक कोड लिहून देतो. मी तर म्हणेन, हे ऑइल गिअरबॉक्सचा एक सुटा भागच समजा. दुसऱ्या गाडीची क्लच प्लेट स्वस्त मिळाली म्हणून आपण बसवत नाही, तोच नियम इथे.

आधी मॅन्युअल गिअरबॉक्स. तुम्ही तिसऱ्यातून चौथा टाकता तेव्हा दोन वेगवेगळ्या गतीने फिरणारे भाग एका गतीला आणावे लागतात. ते काम सिंक्रो रिंग करते, बहुधा पितळेची. ही रिंग गिअरच्या शंकूवर घासून त्याला आपल्या गतीला आणते. म्हणजे तिथे घर्षण हवंच. आता डब्यावर पाहा. जीएल-४ आणि जीएल-५ असे दोन दर्जे असतात. पाच हा चारपेक्षा मोठा, म्हणून जीएल-५ चांगलं, असं दुकानदारही सांगतात. खरं तर जीएल-५ मध्ये गंधक आणि फॉस्फरसची संयुगं जीएल-४ च्या जवळपास दुप्पट असतात. बोलेरो किंवा स्कॉर्पिओच्या मागच्या एक्सलमधल्या क्राउन-पिनियनवर जो प्रचंड दाब येतो, त्यासाठी ते बनवलं आहे. सिंक्रो रिंगला मात्र ते अति निसरडं पडतं. रिंग घसरत राहते, गिअर टाकताना खर्र आवाज येतो, आणि काही ऑइलांमधलं गंधक पितळ खातं, ते वेगळंच. दोन्ही दर्जे चालतील असं कंपनीने लिहिलं असेल किंवा तशी जोडनोंद डब्यावर असेल तर प्रश्न नाही. नाहीतर जिथे जीएल-४ लिहिलंय तिथे जीएल-४ च.

आकड्यांचाही एक घोळ आहे. ७५डब्ल्यू-९० हे नाव वाचून अनेकांना वाटतं, हे २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइलपेक्षा कितीतरी दाट असणार. गिअर ऑइल आणि इंजिन ऑइलची मोजपट्टीच वेगळी आहे. १०० अंश सेल्सिअसला गिअर ऑइलचा ९० ग्रेड १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक्सच्या (हे दाटपणाचं एकक) दरम्यान बसतो, इंजिन ऑइलचा ५० ग्रेड १६.३ ते २१.९ च्या दरम्यान. म्हणजे नव्वदवालं ऑइल पन्नासवाल्यापेक्षा पातळही असू शकतं. आकडा मोठा दिसतो म्हणून ‘थोडं पातळ घालू’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

आता आपल्याकडे सर्वांत जास्त चुका होतात ती जागा: एएमटी. २०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओमध्ये हा प्रकार आणला आणि क्लच पेडल नसलेली गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. पुण्या-मुंबईच्या रोजच्या कोंडीत डाव्या पायाला विश्रांती मिळाली, हे उपकार मोठेच. पण एएमटी हा आतून सरळ मॅन्युअल गिअरबॉक्स आहे. तेच गिअर, त्याच सिंक्रो रिंगा, तीच क्लच प्लेट. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तुमच्या हातापायाऐवजी एक यंत्रणा करते. त्यामुळे तिच्या गिअरबॉक्सला मॅन्युअलचंच गिअर ऑइल लागतं. कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये मात्र ‘ऑटोमॅटिक आहे ना?’ असं विचारून लाल एटीएफचा, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या ऑइलचा, कॅन उघडला जाण्याचा धोका असतो. तुम्ही तिथे उभे असाल तर हात धरून थांबवा. अनेक एएमटींमध्ये ती हलवणारी यंत्रणा हायड्रॉलिक असते. तिची छोटी टाकी वेगळी, द्रव वेगळा. काही गाड्यांत हे काम विजेच्या मोटर करतात, तिथे हा दुसरा द्रव नसतोच. आपल्या गाडीत काय आहे ते गाडीच्या माहितीपुस्तिकेत पाहून ठेवा, कारण सर्व्हिसच्या बिलावर ‘गिअर ऑइल बदललं’ एवढंच लिहिलेलं असतं आणि त्यावरून काहीच कळत नाही.

खऱ्या अर्थाने ऑटोमॅटिक म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरवाला गिअरबॉक्स. त्याचं एटीएफ एकाच वेळी गिअरना वंगण देतं, व्हॉल्व्हना दाब पुरवतं, उष्णता वाहून नेतं आणि ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचना नेमकी पकड देतं. ही पकड साधणं किती नाजूक आहे ते इतिहासात दिसतं. जनरल मोटर्सने १९४९ मध्ये ‘टाइप ए’ हे मानक आणलं. त्या काळच्या एटीएफमध्ये घर्षण आटोक्यात ठेवायला स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेल वापरत. १९७० मध्ये अमेरिकेने हा देवमासा धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत घातला, आणि रसायनतज्ज्ञांना सगळी मांडणी नव्याने करावी लागली. त्याच सुमारास फोर्डचं ‘टाइप एफ’ अगदी उलट होतं: त्यात घर्षण सौम्य करणारं द्रव्यच नव्हतं, क्लचने झटकन पकडावं अशी अपेक्षा होती. एकाच देशातल्या दोन कंपन्या, दोन्ही ऑइलं लाल, पण एकाच्या जागी दुसरं चालायचं नाही.

लाल रंगाचं म्हणाल तर तो मुद्दाम घातलेला असतो. गाडीखाली थेंब दिसला तर तो इंजिन ऑइलचा की गिअरबॉक्सचा, हे ओळखता यावं म्हणून. त्यावरून ऑइलची जात कळत नाही. जनरल मोटर्सचं डेक्सरॉन-३ लाल, २००५ मध्ये आलेलं आणि बरंच पातळ असलेलं डेक्सरॉन-६ ही लालच. ह्युंदाईच्या जुन्या चार गिअरच्या ऑटोमॅटिकला एसपी-३ लागायचं, सहा गिअरच्या गिअरबॉक्सला एसपी-४. टोयोटाचं टी-४ वेगळं, डब्ल्यूएस वेगळं. चुकीचं पडलं तर बिघाड लगेच दिसत नाही, हीच खरी अडचण. काही हजार किलोमीटरनंतर पन्नास-साठच्या वेगाला, हलक्या ॲक्सिलरेटरवर, रंबलरवरून गाडी गेल्यासारखी थरथर सुरू होते. ती टॉर्क कन्व्हर्टरमधल्या लॉकअप क्लचची घसरण असू शकते. लोक चाकं बॅलन्स करत बसतात.

सीव्हीटी या पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिकबद्दल थोडक्यात सांगतो. तिथे पोलादी पट्टा दोन पोलादी पुलींमध्ये दाबून धरलेला असतो, आणि मध्ये ऑइलचा थर असूनही त्याने घसरायचं नाही. साधं एटीएफ घातलं की पट्टा घसरतो, पुलीवर ओरखडे उठतात, आणि मग ऑइल बदलून उपयोग नसतो. होंडाच्या जुन्या सीव्हीटीला एचएमएमएफ आणि नव्या सीव्हीटीला एचसीएफ-२, इतका कडक भेद एकाच कंपनीतही असतो. कंपनीने सांगितलेल्या द्रवापलीकडे मी इथे काहीच सुचवणार नाही.

मग दुसऱ्या ब्रँडचं ऑइल कधीच घ्यायचं नाही का? घ्या, पण डब्याची मागची बाजू वाचून. ‘अमुक मानकासाठी वापरता येईल’ हा ऑइल कंपनीचा स्वतःचा दावा असतो. ‘अमुक कंपनीची मान्यता’ असं लिहून पुढे मान्यतेचा क्रमांक दिला असेल तर ते ऑइल गाडी बनवणाऱ्यांनी तपासलेलं असतं. एका कॅनवर वीस-पंचवीस मानकांची यादी असेल तर जरा थबका. दाट टी-४ आणि पातळ डब्ल्यूएस एकाच द्रवात मावतात हा दावा मला तरी पटत नाही.

‘लाइफटाइम फिल’, म्हणजे हे ऑइल कधी बदलायलाच नको, हा शब्दही तुमच्या कानावर येईल. बीएमडब्ल्यूसह अनेकांना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतः मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान ऑइल बदला असं सांगते. आपल्या उन्हाळ्यात, घाटात, भरल्या गाडीने चालणाऱ्यांनी अलीकडचा आकडा धरावा.

गॅरेजमध्ये उभे राहणार असाल तर तीन गोष्टी बघा. मेकॅनिकने ड्रेन प्लगच्या आधी भरायचा प्लग सैल केला पाहिजे. तो गंजून अडकला असेल आणि ऑइल आधीच काढून टाकलेलं असेल तर गाडी रॅम्पवरच राहते. निघालेल्या ड्रेन प्लगला लोहचुंबक असेल तर त्यावरची पेस्ट बोटावर घ्या. राखाडी, लोण्यासारखी मऊ असेल तर ती नेहमीची झीज. टोचणारे कण किंवा चकत्या असतील तर ऑइलचा विषय बाजूला ठेवून गिअरबॉक्स उघडायचा विचार करा. तिसरी गोष्ट लेव्हलची. मॅन्युअलमध्ये सपाट जमिनीवर, भरायच्या भोकाच्या काठापर्यंत ऑइल आलं की झालं. डिपस्टिक नसलेल्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन चालू ठेवून, ऑइल ठरलेल्या तापमानाला असताना (बऱ्याच गिअरबॉक्सना ३५ ते ४५ अंशांच्या आसपास) ओव्हरफ्लोच्या भोकातून धार थांबून थेंब पडू लागले की प्लग लावायचा. हे तापमान वाचायला स्कॅनर लागतो. ‘अंदाजे चार लिटर टाकतो’ म्हणणाऱ्याकडे ऑटोमॅटिक देऊ नका. एकदा ड्रेन केल्यावर सगळं ऑइल निघत नाही, बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्येच राहतं, आणि म्हणूनच आधी चुकीचं पडलं असेल तर दोन-तीनदा काढून-भरून ते पातळ करत न्यावं लागतं.

पुढच्या आठवड्यात ब्रेक ऑइल: डॉट-३, डॉट-४ आणि पावसाळ्याचा त्यांच्याशी असलेला संबंध.