बाजारांतील अंड्याची पारख

सन २०२१ च्या जानेवारींत परभणी तालुक्यांतील मुरुंबा येथें एका कुक्कुटपालन केंद्रांतील सुमारें ८०० कोंबड्या थोड्या दिवसांत मेल्या. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेंत पाठविल्यावर बर्ड फ्ल्यूचें निदान झालें. एक किलोमीटरच्या आंतील कोंबड्या नष्ट करण्याचा व दहा किलोमीटरच्या आंत पक्ष्यांची ने-आण बंद ठेवण्याचा हुकूम सुटला. रोग एका जागीं होता, परंतु धसका दूरवर पसरला. ज्यांचीं खुराडीं निरोगी होतीं त्यांच्या अंड्यांकडेहि गिऱ्हाईक संशयानें पाहूं लागलें. वस्तुतः अंड्याच्या गाभ्यापर्यंत ७० अंश सेंटिग्रेड उष्णता पोहोंचली म्हणजे हा विषाणु मरतो. कच्चें किंवा अर्धवट उकडलेलें अंडें अशा दिवसांत वर्ज्य करावें, इतकेंच पुरे होतें.

गिऱ्हाइकास दोष देणें मात्र रास्त नव्हे. जमीन घेणारा आधीं सातबारा पाहतो. महसुली दप्तरांत हयात घातलेल्या माणसास ही गोष्ट फार ठळकपणें जाणवते कीं, दुकानांतील सुट्या अंड्यास असा कांहींच उतारा नसतो. तें कोणाच्या शेडमधलें, कोणत्या तारखेचें, हें दुकानदारासहि सांगतां येत नाहीं. युरोपांतील देशांत सन २००४ पासून अंड्यावरच छाप मारणें सक्तीचें आहे. त्यांतील पहिल्या आंकड्यावरून कोंबडी पिंजऱ्यांत ठेवलेली कीं मोकळी, तें कळतें. पुढें देशाचें चिन्ह व उत्पादकाचा क्रमांक असतो. त्यामुळें दोष निघाल्यास तो एकाच खुराड्यापर्यंत नेऊन भिडवितां येतो व शेजारचा निरपराधी उत्पादक वांचतो.

छाप नाहीं म्हणून लोक रंगावर जातात व तेथेंच फसतात. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर अवलंबून असतो. तपकिरी अंडें देणाऱ्या संकरित कोंबड्या पिंजऱ्यांतहि असतात. तेव्हां तपकिरी तें सर्व गावरान, असें समजून दुप्पट दाम मोजणें हा शुद्ध भाबडेपणा होय. बलकाचा पिवळेपणा खाद्यावर असतो. पिवळा मका, हिरवा चारा किंवा झेंडूच्या पाकळ्या खाद्यांत असल्या कीं तो गडद होतो.

ताजेपणाची परीक्षा मात्र घरींच होते. अंडें जुनें होत जातें तसतसा कवचांतील सूक्ष्म छिद्रांतून ओलावा जाऊन आंतील हवेची पोकळी वाढते. म्हणून पाण्यांत ताजें अंडें तळाशीं आडवें पडतें, जुनें उभें राहतें व फार जुनें तरंगतें. आपल्याकडे मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो. त्या वेळीं दुकानाबाहेर उन्हांत रचून ठेवलेल्या ट्रेमधील अंडीं घेऊंच नयेत.

परंतु कोंबडीस काय औषध दिलें होतें, हें पाणी सांगत नाहीं, आणि औषधाचा अंश उकडल्यानें जाईलच अशी खात्री नाहीं. कोलिस्टिन हें माणसाच्या दुर्धर रोगांत राखून ठेवण्याजोगें औषध कुक्कुटपालनांत सर्रास दिलें जात असे. केंद्र सरकारनें जुलै २०१९ मध्यें त्यास बंदी केली. इतर औषधांसहि, दिल्यानंतर ठराविक दिवस अंडीं विकूं नयेत असा नियम असतो. तो पाळला कीं नाहीं, हें उत्पादकाच्या मनास व त्याच्या वहीसच ठाऊक!

म्हणून ज्या बंधूंच्या घरीं शें-दोनशें कोंबड्या आहेत त्यांनीं एक वही घालावी. खाद्य कोठून आणलें, लस केव्हां टोंचली, औषध कोणतें व किती दिवस दिलें, विक्री कोणत्या तारखेपर्यंत बंद ठेवली, मर किती झाली, हें रोजच्या रोज टिपावें व गिऱ्हाइकानें मागितल्यास पुढें ठेवावें. मर अचानक वाढल्यास मेलेल्या कोंबड्या ओढ्यांत न फेंकतां पशुवैद्यकीय दवाखान्यांत त्याच दिवशीं वर्दी द्यावी. अंडीं धुवून ठेवूं नयेत, कारण कवचावरील नैसर्गिक पातळ थर निघून जंतूंस वाट मिळते. घाण लागली असल्यास कोरड्या फडक्यानें पुसावी. शिक्क्याचा खर्च झेपत नसेल, तर अंड्याच्या बोथट टोंकाकडे शिसपेन्सिलीनें तारीख लिहावी.