विश्लेषण : रानबदकांची जुनी चित्रे पुस्तकातून का कापू नयेत?

शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची रानबदकांची छापील चित्रे आज चौकटीत बसवून ऑनलाइन विकली जातात. नावडेतील नव्या फ्लॅटच्या दिवाणखान्यातही ती सहज मागवता येतात. मात्र जुनी अस्सल चित्रे बहुधा मूळ पुस्तकातून कापलेली असतात. त्याने काय बिघडते?

ही चित्रे आली कुठून?

काँग्रेसच्या संस्थापकांपैकी एक असलेले ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम पक्षीतज्ज्ञही होते. भारत, ब्रह्मदेश व सिलोनमध्ये ज्यांची शिकार होत असे, अशा पक्ष्यांवर त्यांनी मार्शल यांच्यासह १८७९ ते १८८१ दरम्यान तीन सचित्र खंड काढले. मुंबईत १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने १९०८ मध्ये स्टुअर्ट बेकर या पोलीस अधिकाऱ्याचा भारतीय बदकांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात केलेमन्स, ग्रोनव्होल्ड आणि लॉज यांची रंगीत चित्रे आहेत.

चित्रांत चुका असतात का?

असतात. मेलेल्या पक्ष्याच्या चोचीचा व पायांचा रंग उडतो आणि त्या काळी चित्रकार अनेकदा वाळवलेल्या कातड्यांवरूनच चित्रे काढत. हळदी-कुंकू बदकाचे नाव चोचीचे पिवळे टोक आणि मुळाशी असलेले लाल ठिपके यांवरून पडले. तेच रंग चुकले तर पक्ष्याची ओळखच हरवते. ह्यूम यांनी चित्रकारांना रंगांच्या सूचना पाठवल्या होत्या. तरीही अनेक चित्रांवर ते नाराज होते. त्यांनी चित्रांबाबतचे खुलासे पुस्तकातच छापले. चित्र कापले की हे खुलासे मागे राहतात.

मग त्यांचे मोल काय?

गुलाबी डोक्याचे बदक १९३५ नंतर निसर्गात दिसल्याची सर्वमान्य नोंद नाही. ते पाहण्यासाठी संग्रहालयांतील नमुने, मोजकी छायाचित्रे आणि अशी चित्रेच उरली आहेत.

अस्सल चित्र कसे ओळखावे?

त्या काळी रंगीत शिळाछपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरत. भिंगातून पाहिल्यास रंगाचे कण अनियमित दिसतात. आजच्या ऑफसेट छपाईत ठिपक्यांची एकसारखी जाळी दिसते.

हौस कशी भागवावी?

ह्यूम यांचे खंड बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या संकेतस्थळावर मोफत पाहता येतात. भिंतीसाठी तिथून प्रत छापून घ्यावी. जुना ग्रंथ हाती आला, तर तो अखंड ठेवावा.