स्वस्त घराची किंमत

16 एप्रिल 1853 रोजी देशातील पहिली प्रवासी आगगाडी बोरीबंदरहून ठाण्यास आली व पुढच्याच वर्षी, मे 1854 मध्ये, रूळ कल्याणपर्यंत पोहोचले. राज्याच्या राजधानीचे ओझे या दोन गावांच्या खांद्यावर तेव्हाच ठेवले गेले, असे म्हणावयास हरकत नाही. 2011 च्या जनगणनेनुसार ठाणे शहराची लोकसंख्या 18 लाखांच्या वर व कल्याण-डोंबिवलीची सुमारे साडेबारा लाख होती. त्यानंतरची वाढ आपण सर्वजण डोळ्यांनी पाहतच आहोत.

ही वाढ होते कशी? नोकरी मुंबईत मिळते, पण पगारात मुंबईचे घर बसत नाही. मग माणूस रेल्वेच्या नकाशावर बोट ठेवून एकेक स्थानक पुढे सरकतो. मुलुंड परवडत नाही म्हणून ठाणे, ठाणे परवडत नाही म्हणून दिवा, डोंबिवली, टिटवाळा. आपल्या धर्मग्रामांतील तरुण जोडपीही लग्नाआधी हाच हिशेब मांडीत असतात. घराच्या किमतीत जे वाचते, ते रोजच्या प्रवासात मोजावे लागते. 9 जून 2025 रोजी सकाळी दिवा व मुंब्रा या स्थानकांदरम्यान शेजारून जाणाऱ्या दोन भरगच्च लोकलच्या दारांत लोंबकळणारे प्रवासी खाली पडले. किमान चार जणांचा अंत झाला. ठाणे ते दिवा पाचवी व सहावी मार्गिका 2022 मध्ये पूर्ण झाली होती, तरीही दारातली गर्दी ओसरलेली नव्हती.

प्रवासाची जोखीम निदान दिसते तरी. घराची जोखीम भिंतीच्या आत दडलेली असते.

4 एप्रिल 2013, ईस्टरच्या आठवड्यातील गुरुवार. शिळफाट्याजवळ लकी कंपाउंड येथे बांधकाम चालू असलेली बहुमजली इमारत कोसळली आणि 74 जण मृत्युमुखी पडले. जागा वनखात्याची, परवानगी कोणाचीच नाही. वरचे मजले चढत असताना खालच्या मजल्यांवर कुटुंबे राहावयास आलेली होती. हा निष्काळजीपणा नव्हता, ती रीतच होती. इमारतीत माणसे, त्यातही लेकरेबाळे दिसली की पाडकामाचे पथक माघारी फिरते, हे बांधणाऱ्यास ठाऊक असते. या प्रकरणी बिल्डरांबरोबरच पालिकेचे अधिकारी व पोलीसही अटकेत गेले.

अशी बांधकामे फोफावण्यामागे प्रशासकीय गोंधळाचाही मोठा वाटा आहे. कल्याणलगतची 27 गावे 1983 मध्ये महापालिकेत आली, 2002 मध्ये वगळली गेली आणि 2015 मध्ये पुन्हा समाविष्ट झाली. मधल्या काळात कोणाचा शिक्का चालतो हे खरेदीदारास समजेना. ग्रामपंचायतीचा दाखला म्हणजेच परवानगी, असे त्याला सांगितले गेले.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. मालमत्ता कराची पावती, विजेचे मीटर, नळजोडणी, इतकेच काय पण मुद्रांक शुल्क भरून नोंदविलेला करारनामा, यांपैकी कशानेही इमारत अधिकृत ठरत नाही. पालिका बेकायदा बांधकामावरही कर आकारते, वर दुपटीने शास्तीही लावते. पण ती भरली म्हणून बांधकाम नियमित होत नाही. पाहावयाचे असते ते बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि काम पूर्ण झाल्यावरचे भोगवटा प्रमाणपत्र, तेही बिल्डरच्या फाइलमधील नव्हे, तर पालिकेच्या नगररचना विभागात स्वतः जाऊन पडताळलेले. कल्याण-डोंबिवलीत 65 इमारतींसाठी पालिकेची बनावट परवानगीपत्रे तयार करून त्यांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळविली गेली. नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचा आदेश दिला. नोंदणी क्रमांक पाहून विश्वासाने घर घेतलेल्या, बँकेचे कर्ज डोक्यावर असलेल्या कुटुंबांना याहून अधिक काय तपासावयास हवे होते, असा प्रश्न पडला तर तो रास्तच आहे. शासनाच्या दोन कार्यालयांनी एकमेकांस विचारावयाचे ते सामान्य माणसाने का विचारावे?

जुन्या, अधिकृत इमारतींची कथा निराळी, पण शेवट तोच. 28 जुलै 2015 रोजी ठाकुर्लीत ‘मातृछाया’ कोसळून 9 जण, तर बरोबर आठवड्याने ठाण्यात नौपाड्यातील ‘कृष्णा निवास’ कोसळून 12 जण दगावले. दोन्ही वेळा रात्र होती. अशा वस्त्यांसाठी ठाण्यात समूह पुनर्विकासाची योजना आखली गेली असून, किसननगर येथे तिचे भूमिपूजन 2023 मध्ये झाले. परंतु इतकी वर्षे कोठे राहावयाचे, हा भाडेकरूचा प्रश्न आजही मोठा आहे. पावसाळ्याआधी पालिकेची नोटीस येते, तेव्हा लोक घर सोडीत नाहीत ते हट्टापायी नव्हे. एकदा बाहेर पडलो तर हक्क जाईल, ही भीती असते. तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. ती सोसायटीने वेळीच करून घ्यावी. आणि इमारत रिकामी करण्याची वेळ आलीच, तर निघण्यापूर्वी आपल्या ताब्यातील खोलीचे क्षेत्रफळ मोजून घेऊन त्याचा दाखला पालिकेकडून लेखी घ्यावा. घरात वृद्ध एकटे राहत असतील तर त्यांच्यासोबत प्रभाग कार्यालयात जाण्याचे काम शेजारच्या तरुणांनी करावे.