विश्लेषण : छापण्याआधीच संशोधन फुटले तर? ‘पीअर रिव्ह्यू’तील गोपनीयता का महत्त्वाची?

मे २००७. अमेरिकेतील टेक्सासमधल्या एका मधुमेहतज्ज्ञ प्राध्यापकाने एक शोधनिबंध फॅक्स केला. निबंध त्याचा नव्हता. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने तो त्याच्याकडे तपासायला दिला होता, गोपनीय म्हणून. फॅक्स गेला ग्लॅक्सोस्मिथक्लाइनकडे. निबंधात ज्या औषधावर प्रश्नचिन्ह होते, ते याच कंपनीचे!

निबंधात काय होते?

‘अवँडिया’ म्हणजेच रोझिग्लिटाझोन हे तेव्हा मधुमेहावरचे जोरात खपणारे औषध. क्लीव्हलँड क्लिनिकचे हृदयरोगतज्ज्ञ स्टीव्हन निसेन आणि संख्याशास्त्रज्ञ कॅथी वोल्स्की यांनी ४२ चाचण्यांची आकडेवारी एकत्र केली. औषध घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याचा धोका इतरांच्या तुलनेत ४३ टक्के जास्त दिसला. (१०० पैकी ४३ जणांना झटका येतो, असा याचा अर्थ नाही.) निबंध २१ मे रोजी प्रसिद्ध झाला. डॉक्टर, रुग्ण आणि गुंतवणूकदारांना त्या दिवशी कळले. कंपनीला मात्र उत्तराच्या तयारीसाठी दोन आठवड्यांहून अधिक वेळ मिळाला होता. ही फूट २००८ मध्ये उघड झाली. अमेरिकी सिनेटच्या वित्त समितीने त्याची चौकशी केली.

भारताने २०१० मध्ये या औषधावर बंदी घातली. अमेरिकेने आणलेले निर्बंध मात्र २०१३ मध्ये बरेच शिथिल झाले. म्हणजे धोका नेमका किती, हा वाद पुढेही चालला. पण निबंध बरोबर असो वा चूक, तो आधी पाहण्याचा हक्क कंपनीला नव्हता.

तपासणारा कोण असतो?

जर्नलकडे निबंध आला की संपादक तो त्याच विषयातील दोन-तीन तज्ज्ञांना पाठवतात. यालाच पीअर रिव्ह्यू म्हणतात. मानधन बहुतेक वेळा नसते. खरी गोम अशी, की विषय नीट कळणारा माणूस बहुधा त्याच विषयावर काम करत असतो, म्हणजे अनेकदा प्रतिस्पर्धीच. परीक्षेला बसलेल्यानेच शेजारच्याची उत्तरपत्रिका तपासावी, तसे हे. सगळा कारभार विश्वासावर. अमेरिकेतील टफ्ट्सच्या संशोधकांचा एक निबंध ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ने नाकारला, तो तपासणाऱ्याने पुढे स्वतःच्या नावावर दुसरीकडे छापला. मूळ लेखकाने २०१६ मध्ये त्याला उद्देशून खुले पत्र लिहिले. चोरलेला निबंध मागे घेण्यात आला.

आता चॅटबॉटची भर

आज फॅक्सची गरजच नाही. रिव्ह्यू लवकर उरकावा म्हणून निबंध चॅटजीपीटीत टाकला, की तो बाहेरच्या सर्व्हरवर गेला. तिथे तो किती काळ राहील, प्रशिक्षणासाठी वापरला जाईल का, यावर ना संपादकाचे नियंत्रण, ना लेखकाचे. म्हणूनच अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने (एनआयएच) जून २०२३ मध्ये निधीचे प्रस्ताव तपासताना जनरेटिव्ह एआय वापरण्यास मनाई केली. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात प्रस्तावांवरील काही अभिप्रायांत ‘रीजनरेट रिस्पॉन्स’ हे शब्द तसेच राहिलेले सापडले. चॅटजीपीटीच्या बटणावरची ही अक्षरे कॉपी-पेस्ट करताना पुसायची राहून गेली होती!

मग ‘खुला रिव्ह्यू’ कसा चालतो?

‘नेचर’ने जून २०२५ पासून नव्याने येणाऱ्या शोधनिबंधांबाबत तपासनिसांचे अभिप्राय छापण्याचे धोरण सर्वांना लागू केले. पण हे अभिप्राय निबंध प्रसिद्ध झाल्यावर खुले होतात. त्याआधी निबंध बंदच असतो.

एक नियम मात्र सर्रास विसरला जातो. आलेला निबंध गाइडने पीएचडीच्या विद्यार्थ्याकडे सरकवणे नवीन नाही. प्रकाशन नीतिमत्तेसाठी काम करणाऱ्या ‘कोप’ या संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, त्यासाठी आधी संपादकाची परवानगी घ्यावी लागते आणि मदत करणाऱ्या विद्यार्थ्याचे नावही कळवावे लागते.