आधी शैवाल, मग शार्क

नवे मत्स्यालय उघडायचे म्हटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : मोठा प्राणी कोणता ठेवणार? शार्कला गर्दी होते, डॉल्फिनला त्याहून जास्त होते, आणि तेवढा पैसा नसेल तर निदान प्रवाळातले रंगीत मासे तरी हवेतच. मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय 1951 मध्ये सुरू झाले, तेव्हापासून मुंबईच्या पोरांनी काचेला नाक लावले ते बहुतेक रंगांसाठीच. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे गावात 20 ऑक्टोबर 1984 रोजी जे मत्स्यालय उघडले, त्याच्या मुख्य टाकीत मात्र एक समुद्री शैवाल उभे होते. जायंट केल्प. रंग मातकट तपकिरी, डोळे नाहीत, तोंड नाही, कुणाचा पाठलाग नाही. इतक्या मोठ्या प्रमाणावर ते टाकीत वाढवून लोकांना दाखवणे तोवर कुणाला जमलेही नव्हते.

मॉन्टेरेचा अधिकृत इतिहास थोडक्यात उरकण्यासारखा आहे. हे गाव एके काळी सार्डिनवर जगत होते. सार्डिन म्हणजे आपल्या तारलीच्या कुळातला मासा. किनाऱ्यावर डबाबंद मासळीच्या कारखान्यांची रांग होती आणि त्या रस्त्याला नावही कॅनरी रो असेच पडले. जॉन स्टाइनबेकने 1945 मध्ये त्या नावाची कादंबरी लिहिली, पण पुढच्या काही वर्षांतच खाडीतले सार्डिन आटले आणि कारखान्यांना टाळी लागू लागली. नुट हॉवडेन या नॉर्वेतून आलेल्या माणसाचा कारखाना सर्वांत शेवटी, 1973 मध्ये बंद पडला. शेजारीच स्टॅनफर्ड विद्यापीठाचे हॉपकिन्स हे सागरी संशोधन केंद्र आहे. तिथल्या वर्तुळातल्या चार जीवशास्त्रज्ञांनी 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात या ओसाड जागेवर मत्स्यालय काढायची कल्पना मांडली. त्यांतल्या नॅन्सी बर्नेट या ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या डेव्हिड पॅकार्ड यांच्या कन्या. वडिलांना कल्पना पटली, पॅकार्ड कुटुंबाने साडेपाच कोटी डॉलर दिले आणि धाकटी मुलगी ज्युली संस्थेची प्रमुख झाली. बांधून देतो, पुढे आपल्या पायावर उभे राहा, अशी पॅकार्ड यांची अट होती. पहिल्याच वर्षी 20 लाखांहून अधिक लोक आले, त्यामुळे ती चिंता फार दिवस टिकली नाही.

त्या चौघांनी प्राण्यांच्या निवडीचा जो नियम घातला, त्यात खरी गंमत आहे. भिंतीपलीकडच्या मॉन्टेरेच्या खाडीत जे राहते तेच आत दाखवायचे, असा तो नियम. हिंदी महासागरातले विदूषक मासे नकोत आणि ॲमेझॉनचे पिरान्हाही नकोत. मांडणीही कुळांनुसार करायची नाही. खडकाळ किनारा, धक्क्याचे खांब, वाळूचा तळ, केल्पचे जंगल अशा वस्त्यांनुसार करायची. त्याच कॅनरी रोवर प्रयोगशाळा चालवणाऱ्या एड रिकेट्स यांनी 1939 मध्ये पॅसिफिक किनाऱ्यावरच्या जीवांची ओळख करून देणारे पुस्तक वस्त्यांनुसार रचले होते, तेव्हा पढीक मंडळींच्या भुवया उंचावल्या होत्या. पंचेचाळीस वर्षांनी तीच रचना सिमेंट आणि ॲक्रिलिकमध्ये उभी राहिली.

नियम सुटसुटीत असला तरी तो पाळणे सोपे नव्हते. खाडीतली सर्वांत महत्त्वाची वस्ती म्हणजे केल्पचे जंगल, आणि केल्प फार हट्टी. त्याला मुळे नसतात. तळाशी बोटांसारखा जो गुंता दिसतो तो खडक धरून ठेवण्यापुरता. अन्न तो पानासारख्या पात्यांच्या साऱ्या पृष्ठभागातून पाण्यातून शोषतो. पाणी स्थिर असेल तर पात्याला चिकटून असलेल्या पातळ थरातले क्षार संपतात आणि चहूबाजूंनी पाणी असूनही केल्प उपाशी राहतो. म्हणजे त्याला थंड पाणी हवे, भरपूर ऊन हवे, आणि पाणी सतत हलते हवे. थंड, क्षारयुक्त पाणी समोरच्या खाडीत होतेच. वसंत आणि उन्हाळ्यात वायव्येचे वारे वरचे पाणी समुद्राकडे ढकलतात आणि खोलातले पाणी वर येते. उन्हासाठी टाकीचे डोके आभाळाकडे उघडे ठेवले. उरला प्रश्न हालचालीचा.

तो प्रश्न डेव्हिड पॅकार्ड यांनी स्वतःच्या अंगावर घेतला. सत्तरी ओलांडलेला, अमेरिकेचा संरक्षण उपमंत्री राहिलेला हा माणूस मुळात इंजिनिअर. देणगीचा धनादेश लिहून गप्प बसणाऱ्यांतला नव्हे. केल्पच्या टाकीसाठी लाटांचे यंत्र त्यांनी स्वतः आखले. टाकीच्या माथ्याशी एक मोठा दट्ट्या पाण्यात वर-खाली होतो आणि त्याच्या प्रत्येक फेरीबरोबर साऱ्या टाकीतले पाणी एकदा पुढे जाते, एकदा मागे येते. टाकीची उंची साडेआठ मीटर, आत बारा लाख लिटरच्या आसपास पाणी, समोर सुमारे 18 सेंटिमीटर जाडीचे ॲक्रिलिक. काचेसमोर उभ्या असलेल्या माणसाला दट्ट्या दिसत नाही. त्याला केल्पचे दोर एका बाजूला कलताना दिसतात, मग दुसऱ्या बाजूला, आणि त्यांच्याबरोबर मासेही झुलतात. थोड्या वेळाने बघणाराही नकळत डोलू लागतो. जगातल्या मत्स्यालयांत पंप आणि गाळण्या पुष्कळ आहेत, पण एका शैवालाच्या भुकेसाठी बांधलेले हे यंत्र त्यांत उठून दिसते.

यंत्र इतके नेमके लागू पडले की पुढचा त्रास उलट्या बाजूने आला. टाकीतला केल्प दिवसाला साधारण 10 सेंटिमीटर वाढतो. पाण्याच्या पृष्ठभागावर त्याचे छत दाट झाले की खाली ऊन पोचत नाही, म्हणून पाणबुड्यांना उतरून त्याची नियमित छाटणी करावी लागते, बागेत माळी मेंदीचे कुंपण छाटतो तशी. या पाणबुड्यांत बरेचसे स्वयंसेवक असतात. दिवसातून ठरलेल्या वेळी त्यांच्यातलाच एक जण मुखवट्यात बसवलेल्या मायक्रोफोनमधून प्रेक्षकांशी बोलत माशांना खाऊ घालतो. ही नुसती करमणूक नाही. टाकीत मुशीसारखे लेपर्ड शार्क आहेत, रॉकफिश आहेत, सार्डिनचा थवा आहे. मोठ्यांची पोटे भरलेली नसतील तर लहानांची संख्या घटायला वेळ लागत नाही.

आणखी एक व्यवस्था या लाटयंत्राइतकीच विलक्षण आहे, पण ती रात्री चालते. दिवसा खाडीतले पाणी गाळून टाकीत सोडतात, कारण प्रेक्षकांना आरपार दिसायला हवे. रात्री दारे बंद झाली की गाळणीला वळसा घालून कच्चे पाणी आत घेतात. त्याच्याबरोबर प्लवक येतात, शैवालांचे बीजाणू येतात, स्पंज, बार्नॅकल आणि समुद्रफुले यांची पिल्ले येतात आणि टाकीतल्या बनावट खडकांवर वस्ती करतात. म्हणजे माशांची निवड माणसांनी केली, तरी खडकांवरच्या कित्येक जीवांची निवड खाडीने परस्पर केली आहे. प्रजातींच्या यादीवर सही करणारा एखादा अधिकारी या टाकीसमोर निरुपयोगी ठरेल. या गोतावळ्याची किंमतही आहे : तेच जीव पाण्याच्या नळांतही चिकटतात आणि नळ वारंवार खरवडावे लागतात.

सागरी पाणमांजराची निवडही अशीच अडचणीतून झाली. कोकणच्या खाड्यांत दिसणाऱ्या हुदाळ्यांचा हा समुद्री भाऊबंद. अंगावरच्या दाट केसांपायी त्याची इतकी शिकार झाली की कॅलिफोर्नियातून तो संपला असेच लोक धरून चालले होते. 1938 मध्ये बिग सूरच्या किनाऱ्यावर एक छोटा कळप जगाच्या नजरेस पडला. आजही कॅलिफोर्नियातली त्यांची संख्या तीन हजारांच्या आसपासच आहे. केल्पच्या टाकीत पाणमांजर सोडले तर चित्र पूर्ण झाले असते, पण रोज आपल्या वजनाच्या चौथाईइतके खाणाऱ्या या प्राण्याने खेकडे, गोगलगायी आणि काटेरी सी अर्चिन थोड्याच दिवसांत फस्त केले असते. म्हणून त्याला वेगळी टाकी दिली. मत्स्यालयाने दाखवण्यासाठी समुद्रातून पाणमांजरे पकडली नाहीत. आईपासून तुटलेली, समुद्रात परत सोडण्याजोगी नसलेली अनाथ पिल्लेच तिथे राहतात. वाचवून आणलेल्या टूला नावाच्या मादीने 2001 मध्ये एका परक्या पिल्लाला आपले मानून वाढवले. तेव्हापासून तिथल्या माद्या दायीचे काम करतात, आणि पिल्लांना माणसाचा लळा लागू नये म्हणून कर्मचारी काळा झगा आणि वेल्डरचा मुखवटा चढवून दूध पाजतात. अशी वाढलेली पाणमांजरे जवळच्या एल्कहॉर्न स्लू या खाडीत सोडली गेली. 2002 ते 2016 या काळात तिथल्या संख्येत जी वाढ झाली, तिच्यात निम्म्याहून अधिक वाटा या पिल्लांचा आणि त्यांच्या संततीचा होता.

इथवर नियम छान चालला. मग 1996 मध्ये खुल्या समुद्राचे दालन उघडले. तिथली मुख्य टाकी 38 लाख लिटरहून मोठी. निवडीच्या नियमाला तिथे ताण पडू लागला. ट्यूना, म्हणजे आपला कुपा, आणि मोला हा अवाढव्य मासा हे खाडीत येतात-जातात. त्यामुळे नियम मोडला असे म्हणता येत नाही. पण केल्पला एक खडक पुरतो, आणि या प्राण्यांना भिंत म्हणजे काय हेच माहीत नसते. ट्यूनाची त्वचा इतकी नाजूक की त्याला जाळ्याने न उचलता पाण्याने भरलेल्या झोळीतून हलवावे लागते. एका मोलाचे वजन 15 महिन्यांत 26 किलोवरून 399 किलोवर गेले. त्याला टाकीत ठेवणे अशक्य झाले, तेव्हा हेलिकॉप्टरने उचलून समुद्रात सोडले.

मग शार्क. तोही साधासुधा नाही, ग्रेट व्हाइट. मत्स्यालय उघडले त्याच वर्षी त्याचा एक प्रयत्न होऊन गेला होता. त्या शार्कने अन्नाला तोंड लावले नाही आणि तो 11 दिवसांत मेला. वीस वर्षांनी पुन्हा तयारी झाली. दक्षिण कॅलिफोर्नियात मासेमारांच्या जाळ्यात चुकून सापडलेली एक लहान मादी आधी मालिबूजवळ समुद्रातच बांधलेल्या प्रचंड पिंजऱ्यात ठेवली, ती नीट खाते याची खात्री केली आणि सप्टेंबर 2004 मध्ये फिरत्या टाकीतून मॉन्टेरेला आणली. ती 198 दिवस तिथे राहिली आणि नीट खात होती. सुमारे दहा लाख लोकांनी तिला पाहिले. मग तिने शेजारच्या दोन सूपफिन शार्कना मारले आणि 31 मार्च 2005 रोजी तिला समुद्रात सोडण्यात आले.

2011 पर्यंत एकूण सहा पिल्ले अशी आणली गेली. कुणी पाच महिने राहिले, तर एकाला 11 दिवसांतच परत सोडावे लागले. शेवटचे 55 दिवस राहिले आणि सोडल्यावर थोड्याच वेळात मेले. त्यानंतर मॉन्टेरेने पुन्हा ग्रेट व्हाइट आणला नाही. जपानमधल्या ओकिनावाच्या मत्स्यालयात 2016 मध्ये साडेतीन मीटरचा पूर्ण वाढलेला नर आणला होता, तो तीन दिवसांत गेला. मॉन्टेरेने सोडलेल्या शार्कांवर लावलेल्या खुणांमधून पिल्लांच्या प्रवासाविषयी उपयोगी माहिती मिळाली, हे खरे. पण ज्या संस्थेने शैवालाला मानाचे पान वाढले, तिने सात वर्षे गर्दीच्या हमखास प्राण्यासाठी खर्च केली हेही खरेच, आणि प्रयोग थांबवला हा तिच्या निवडींतला सर्वांत शहाणा निर्णय म्हणावा लागेल.

2022 मध्ये उघडलेले खोल समुद्राचे दालन पुन्हा जुन्या वळणावर आले. मॉन्टेरेच्या किनाऱ्यालगत समुद्रतळात तीन किलोमीटरहून खोल दरी आहे, म्हणजे अंधारातले हे प्राणीही शेजारीच. त्यांच्यासाठी पाण्यातला प्राणवायू मुद्दाम कमी करावा लागतो, कारण साध्या पाण्यात त्यांना तो जास्त होतो. तिथल्या लालभडक पोटाच्या कंगवा-जेलीचा रंग सजावटीसाठी नाही. गिळलेले भक्ष्य आत चमकले तर त्या उजेडाने शत्रूला पत्ता लागू नये, म्हणून पोटावर हा पडदा असावा असे शास्त्रज्ञ मानतात.

आता सर्वांत अवघड भाग भिंतीच्या बाहेर आहे. 2013 पासून पॅसिफिक किनाऱ्यावर तारामाशांना झिजवणारा रोग पसरला. सी अर्चिन फस्त करणारा वीसेक हातांचा सूर्यफूल तारामासा कॅलिफोर्नियातून जवळजवळ नाहीसा झाला. 2020 मध्ये त्याला अतिसंकटग्रस्त ठरवण्यात आले. त्यातच 2014 पासून समुद्रात उष्णतेची लाट आली. जांभळे सी अर्चिन बेसुमार वाढले आणि उत्तर कॅलिफोर्नियातले 90 टक्क्यांहून अधिक बुल केल्प खाऊन बसले. मॉन्टेरेच्या आसपासही जिथे सलग जंगल होते तिथे आज केल्पचे ठिगळ आणि शेजारी उजाड खडक अशी स्थिती आहे. काचेतले जंगल छाटावे लागते आणि काचेबाहेरचे विरळ होते, असा हा उलटा प्रकार.

पाणमांजरे हे सावरतील अशी आशा अनेकांना होती. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसले की ती सी अर्चिन भरपूर खातात, पण फक्त केल्पच्या ठिगळांतले. उजाड खडकावरचे सी अर्चिन उपासमारीने आतून पोकळ झालेले असतात, म्हणून पाणमांजर त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. उरलेला केल्प त्यामुळे टिकून राहतो; गेलेला परत येत नाही. त्याच वर्षी कॅलिफोर्निया राज्याने मॉन्टेरेजवळच्या टँकर रीफवर हौशी पाणबुड्यांना सी अर्चिन पाण्यातच फोडण्याची परवानगी दिली, आणि ही माणसे हातोड्या घेऊन तळाशी उतरू लागली.