न्हाणीमागची ओल आणि नागरमोथा

न्हाणीमागे बारा महिने ओल असते. पावसाळ्यात तर नुसता चिखल. पाय रुततो, घाण वास येतो, डास होतात. अशा जागी काय लावावे? अळू येते, केळ येते. आपल्या मातीतली आणखी एक वनस्पती येते. ती म्हणजे नागरमोथा.

नागरमोथा ओढ्याकाठी, पाणथळ जागी आपोआप उगवतो. दिसतो गवतासारखा, पण ते गवत नव्हे. त्याची काडी दोन बोटांत धरून फिरवून पाहा. गवताची काडी गोल असते, तिला पेरे असतात. मोथ्याची काडी तीनधारी लागते, तिला पेर नसते. पटली ना ओळख?

त्याच्या मुळाशी काळपट गड्डे असतात. त्यांना सुवास येतो. दिवाळीच्या उटण्यात पडतो तो हाच. वैद्य त्याला मुस्ता म्हणतात.

पण जपून बरं का! शेतात माजणारा लव्हाळा याच कुळातला. त्यालाही लोक मोथाच म्हणतात. तिथे घोटाळा होतो. आमचाही झाला. आम्ही शेतातला लव्हाळा उपटून आणला आणि भाजीच्या वाफ्याशेजारी लावला. एका पावसाळ्यात त्याने वाफा खाल्ला. खुरपले की पाने तुटत. गाठी खालीच राहत. या गाठी दोऱ्यात ओवल्यासारख्या जोडलेल्या असतात. एक तुटली की तिला नवा कोंब फुटतो. शेवटी भर उन्हाळ्यात वाफा खोल खणला, गाठी वेचल्या, उन्हात वाळवल्या. तेव्हा कुठे सुटका झाली. म्हणून सांगतो, शेतातला मोथा घराशी आणू नका. जाणत्या माणसाला दाखवून, खात्री करूनच रोप आणा.

आता लावायची रीत. आधी सांडपाण्याला उतार द्या. जागा उन्हाची निवडा. दाट सावलीत मोथा नीट वाढत नाही. भाजीचा वाफा आणि पिण्याची विहीर यांपासून लांब राहा. पाऊस सुरू झाला की कोंब असलेले गड्डे दोन-तीन बोटे खोल लावा. दोन गड्ड्यांत वीतभर अंतर ठेवा. कडेने फरशीचे तुकडे उभे पुरा, म्हणजे मोथा हद्द सोडणार नाही. मुळे माती धरून ठेवतात. पाटाची कड ढासळत नाही.

मोथा लावला म्हणजे डास गेले, असे मात्र समजू नका. साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. म्हणून पाणी तुंबू देऊ नका. दर आठवड्याला पाटातला गाळ काढा.

आणि एक. सांडपाण्यावर वाढलेले गड्डे औषधाला किंवा उटण्याला घेऊ नका. त्यासाठी चार गड्डे स्वच्छ पाण्यावर, जुन्या घमेल्यात वेगळे लावा. घमेल्यातला मोथा पसरतही नाही आणि हाताशीही राहतो.