दगडाला भोक न पाडता

नाताळच्या अंकासाठी नगर जिल्ह्यातलं एखादं जुनं चर्च पाहून या, असं संपादकांनी सांगितलं. मी गेले त्या गावच्या दगडी चर्चमध्ये नवे दिवे बसवणं चालू होतं आणि वायरमनपाशीच रेंगाळले.

इतिहास नगरकरांना ठाऊक आहे. अमेरिकन मराठी मिशन इथं १८३१ मध्ये आलं, ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये नगरहूनच निघालं. ना. वा. टिळकांची पदं आजही मंडळी तबला-पेटीवर गाते. गाणारे सगळे, म्हणून प्रत्येकाच्या हातात ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक. उजेड वेदीइतकाच मांडीवरच्या पुस्तकावरही पडला पाहिजे, म्हाताऱ्या डोळ्यांना पुरेल एवढा.

वर पत्र्याच्या छपराखाली सागवानी कैच्या, भोवती काळा दगड. पांढऱ्या छतावर झोत टाकला की उजेड खाली परततो. इथं तो दगड-लाकूडच गिळून टाकतं. म्हणून दिवे खाली तोंड करूनच लावायचे, तेही पिवळसर. पांढऱ्याफटक दिव्यात हाच दगड राखेसारखा दिसतो.

वायरमनने लाकडी पट्टी उचकटून जुनी वायर दाखवली. सुती वेष्टणाखालचं रबर नखानं खरवडताच त्याची भुकटी झाली. अर्थिंग नाही, शेजारी वाळलेलं सागवान! आता तो दगडाला ड्रिल लावत नाही. दगडांमधली चुन्याची दरज बारीक छिन्नीनं उकरतो, वायर आत बसवतो आणि दरज पुन्हा चुन्यानंच भरतो. सिमेंट चुन्यापेक्षा कडक, शिवाय ओल कोंडून ठेवतं. दगडाला पडलेलं भोक मात्र कायमचं. कैचीलाही स्क्रू नाही, पट्ट्याचे क्लॅम्पच. त्या हाताचा संयम बघत राहावासा वाटला.

अडचणी पुढे आहेत. एलईडी टिकतो, आधी जातो त्याला वीज पुरवणारा ड्रायव्हर. पत्र्याखालची उष्णता आणि गावातला विजेचा कमीजास्त दाब त्याला मारतो. दर वेळी परांची बांधणं परवडणार नाही. म्हणून सगळे ड्रायव्हर खाली दाराजवळच्या पेटीत आणायचे ठरलं. पण लांब वायरीत दाब घटतो, तांबं जाड लागतं, आणि तांब्याचा खर्च अंदाजपत्रकात धरलेलाच नव्हता. वर्गणी शेतीच्या पैशावर. कांद्याला भाव नाही. उत्तरेच्या भिंतीचं काम तिथंच थांबलंय.

त्या बाजूची जुनी लाइन नवी येईपर्यंत चालू ठेवावी, असं काहींचं म्हणणं होतं. वायरमननं ऐकलं नाही, तोडून टाकली. मला ते पटलं. तिकडची बाकं नाताळच्या उपासनेला मधल्या रांगेत सरकवायची, असं पाळकसाहेबांनी आणि पंचांनी ठरवलंय.